बोट बंदरात आठ तास, त्यातलं संग्रहालय

गोव्यात बहुतेक प्रत्येक वाड्यावर बोटीवर नोकरी केलेला कुणी तरी सापडतो. त्याच्यामुळे घरची माणसंही कधी ना कधी कॅरिबियन सफरीचा बेत आखतात. या महिन्यातली बरीच पत्रं त्याच बेतांबद्दलची आहेत. दुसऱ्या देशात जेमतेम एक दिवस मिळणार असेल, तर तो किनाऱ्यावर घालवायचा की तिथला इतिहास पाहण्यात, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. किनारे आपल्याला नवे नाहीत. म्हणून इथली उत्तरं संग्रहालयाच्या बाजूची आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. मायामीहून सात रात्रींची सफर ठरली आहे. प्रत्येक बंदरात बोट सकाळी ८ ते दुपारी ४ थांबते. कंपनीच्या सहलींत किनारा, दुकानं आणि रमचा कारखाना एवढंच दिसतं. आपले आपण संग्रहालय पाहून वेळेत परतता येईल का? — वाचक, फोंडा

उत्तर : नक्की येईल. फक्त हिशेब शेवटाकडून सुरू करा. ४ ही बोट सुटण्याची वेळ. प्रवाशांनी परत चढण्याची शेवटची वेळ, जिला बोटीवर ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात, ती साधारण अर्धा तास आधी असते, काही बंदरांत एक तास. ती त्या दिवसाच्या छापील पत्रकात आणि उतरण्याच्या शिडीजवळच्या फलकावर लिहिलेली असते. तिचा फोटो काढूनच उतरा. ती साडेतीन असेल, तर चालत जाण्याच्या ठिकाणाहून अडीचला निघायचं आणि टॅक्सीच्या ठिकाणाहून दीडला. टॅक्सीसाठी दोन तास राखायचे, कारण परतीला गाडी न मिळणं आणि बंदराच्या फाटकाशी गर्दी होणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात.

सकाळी ८ ला बोट लागली म्हणजे ८ ला उतरता येतं असंही नाही. स्थानिक अधिकाऱ्यांनी कागद पाहून परवानगी दिली की मगच शिडी उघडते. अर्धा तास धरून चाला. बहुतेक संग्रहालयं ९ किंवा साडेनऊपूर्वी उघडत नाहीत, तेव्हा पहिल्या झुंडीत धावण्यात काही मिळत नाही. नाश्ता निवांत करा, साडेनऊला दारात उभे राहा, साडेअकरापर्यंत पाहा. तोवर ऊन चढलेलं असतं आणि किनाऱ्यावर गेलेले लोक अजून परतलेले नसतात.

आता घड्याळ. बोट चुकवणाऱ्यांत घड्याळाने फसलेले पुष्कळ असतात. काही बोटी संपूर्ण सफरीत मायामीची वेळ ठेवतात, काही बंदरागणिक वेळ बदलतात. अँटिगा, बार्बाडोस, त्रिनिदाद ही पूर्वेकडची बेटं वर्षभर एकाच वेळेवर असतात. हिवाळ्यात ती मायामीच्या एक तास पुढे असतात, उन्हाळ्यात बरोबरीने. हिवाळ्यात बोट मायामीच्या वेळेवर असेल आणि तुमच्या फोनने बेटाची वेळ धरली, तर तुम्ही तासभर लवकर परत याल. त्यात नुकसान नाही. धोका उलट्या बाजूला आहे. ग्रँड केमन, जमैका आणि मेक्सिकोतलं कोझुमेल उन्हाळ्यात मायामीच्या एक तास मागे असतात. बोट तेव्हा मायामीच्या वेळेवर असली, तर तुमच्या फोनवर अडीच वाजलेले असतात आणि बोटीवर साडेतीन. म्हणून फोनमधली ‘आपोआप वेळ’ बंद करा आणि साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा. संग्रहालय मात्र बेटाच्या वेळेला उघडतं. अशा दिवशी तिथले ९ म्हणजे बोटीवरचे १०.

उशीर झाला तर कंपनीच्या सहलीवर असलेल्यांसाठी बोट थांबते किंवा त्यांना पुढच्या बंदरी पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण फिरणाऱ्यांसाठी यातलं काहीही होत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, व्हिसाचा घोळ, सगळं आपल्या खिशातून. त्यासाठी बंदरावरच्या एजंटाचं नाव आणि फोन नंबर पत्रकात छापलेला असतो. त्याचाही फोटो घ्या.

प्रश्न : बंदरावरून चालत जाता येतील अशी संग्रहालयं कोणती? गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही. — वाचक, म्हापसा

उत्तर : सर्वांत जवळचं ग्रँड केमनचं. जॉर्ज टाऊन गावात केमन आयलंड्स नॅशनल म्युझियम जुन्या कोर्टाच्या इमारतीत आहे, पाण्याच्या अगदी समोर. लाँच जिथे उतरवते तिथून रस्ता ओलांडला की झालं. ही इमारत कोर्टही होती आणि तुरुंगही. कासवं पकडून पोट भरणाऱ्या या लोकांच्या शिडाच्या होड्या आत पाहायला मिळतात. रापण आणि होडी पाहत वाढलेल्या माणसाला तिथे बराच वेळ उभं राहावंसं वाटेल. अडचण एकच: इथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या लाँचमधून नेते. लाँचसाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या असतात, आणि कंपनीच्या सहलींचे लोक आधी जातात. परतीच्या रांगेत चाळीस मिनिटं मोडणं नवं नाही. गुडघ्यांचा विचार करता, लाँचमध्ये चढताना पाण्याच्या हेलकाव्याबरोबर पाऊल टाकावं लागतं. खलाशी दोन्ही दंडांना धरतात, त्यांना धरू द्या. समुद्र खवळलेला असेल तर हे बंदरच रद्द होतं.

बहामाजच्या नसाऊ बंदरातून बे स्ट्रीटवर आलात की थोड्या अंतरावर व्हेंड्यू हाऊस लागतं. अठराव्या शतकातली ही बाजाराची जागा. इथे माणसांचाही लिलाव होत असे. आज तिथे पॉम्पी म्युझियम आहे. १८३० मध्ये एक्झुमा बेटावर गुलामांच्या बंडाचा म्होरक्या झालेल्या पॉम्पीचं नाव त्याला दिलं आहे. २०११ च्या आगीत इमारतीचं नुकसान झालं होतं, नंतर ती दुरुस्त केली. संग्रहालय लहान आहे, पाऊण तास पुरतो. सपाट रस्ता. बहामाजचं घड्याळ वर्षभर मायामीबरोबर चालतं, ही आणखी एक सोय.

अँटिगात, सेंट जॉन्स गावात, अठराव्या शतकाच्या मध्यातल्या दगडी कोर्टात म्युझियम ऑफ अँटिगा अँड बार्बुडा आहे. हेरिटेज कीच्या धक्क्यावरून दहा-बारा मिनिटं, थोडा चढ. मूळ रहिवाशांची मातीची भांडी, ऊस आणि साखरेचा काळ, आणि व्हिव्हियन रिचर्ड्सची बॅट! १९८६ मध्ये याच गावातल्या मैदानावर त्याने ५६ चेंडूंत कसोटी शतक ठोकलं. क्रिकेटवेड्यांनी संग्रहालयानंतर ते मैदानही पाहावं, लारानेही आपल्या ३७५ आणि नाबाद ४०० धावा तिथेच केल्या. रविवारी मात्र सेंट जॉन्स गाव जवळजवळ बंद असतं. बोट रविवारी लागत असेल तर तिथला बेत सोडून द्या.

क्युरासावमध्ये विलेमस्टाड गावाचे दोन भाग आहेत आणि मधे पाणी. त्यांना जोडणारा १८८८ चा क्वीन एमा पूल तराफ्यांवर तरंगतो, आणि जहाज आलं की अख्खा पूल एका बाजूला फिरतो. पुलावर नारिंगी निशाण असेल तर थोडा वेळच बंद, निळं असेल तर बराच वेळ. तेव्हा बाजूची फेरीबोट फुकट पार नेते. आपल्या मांडवीच्या फेरीसारखीच समजा. पलीकडे १७३२ चं मिक्वे इस्राएल सिनॅगॉग आहे, जमिनीवर वाळू पसरलेली, शेजारी ज्यू समाजाचं संग्रहालय. या समाजाचं मूळ स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या लोकांत आहे. ज्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, आठवण जुन्या गोव्यात अजून निघते, तिच्याच दुसऱ्या टोकाची ही कहाणी. म्हणून गोव्याच्या माणसाने इथे एक तास द्यावा, असं आमचं ठाम मत आहे. शनिवारी आणि ज्यू सणांना दर्शकांसाठी बंद.

बार्बाडोसचं संग्रहालय चालण्याजोगं नाही, तरी सोडू नये. ब्रिजटाऊनच्या गॅरिसन भागातल्या जुन्या लष्करी तुरुंगात ते आहे. इमारतीचा एक भाग १८१७ च्या सुमाराचा, दुसरा १८५३ चा. कोठड्यांचीच दालनं केली आहेत. एका बाजूला मळेवाल्याच्या घरातल्या सजवलेल्या खोल्या, दुसरीकडे आफ्रिकेचं दालन. दोन्ही एकामागून एक पाहिलं की साखरेचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते डोळ्यांसमोर उभं राहतं. दीड-दोन तास ठेवा. बंदरापासून टॅक्सीने चार-पाच किलोमीटर. टॅक्सीला मीटर नसतो, नंबरप्लेट ‘झेड’ अक्षराने सुरू होते. बसण्यापूर्वी भाडं विचारा, आणि आकडा अमेरिकन डॉलरचा की बार्बाडोसच्या डॉलरचा तेही विचारा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे बार्बाडोसचे दोन, तेव्हा न विचारल्यास दुप्पट जातात. बंदरातून बाहेर पडताच केन्सिंग्टन ओव्हल लागतं. १९७१ च्या दौऱ्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी इथे १५० धावा केल्या होत्या. गाडी दोन मिनिटं थांबवायला हरकत नाही.

प्रश्न : आमची बोट त्रिनिदादला एक दिवस आहे. तिथे हिंदुस्थानी मजुरांचं संग्रहालय आहे असं ऐकलं. बोटीवरून जाऊन येण्यासारखं आहे का? त्या मजुरांत आपले कोकणातले लोक होते का? — वाचक, वास्को

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. ब्रिटिश वसाहतींत १८३४ ला गुलामी बंद झाली, १८३८ पर्यंत तिचं उरलेलं बंधनही गेलं, आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत तिथे सुमारे १ लाख ४३ हजार लोक गेले. करार पाच वर्षांचा, त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चं गिरमिट झालं. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून चढलेले, काही मद्रासहून. मुंबई हे या वाटेचं मुख्य बंदर नव्हतं. मुंबईहून गेलेली मराठी माणसं मॉरिशसला पोचली, तिथे मराठी समाज आजही आहे. पण ही पद्धत बंद करा असा ठराव १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. तो तेव्हा फेटाळला गेला. पाच वर्षांनी भरती थांबली. हे डोक्यात ठेवून तिथल्या दालनांत शिरलात, तर परक्या देशातलं काही पाहतो आहोत असं वाटणार नाही.

आता संग्रहालय. इंडियन कॅरिबियन म्युझियम कारापिचायमा भागात वॉटरलू इथे आहे, २००६ मध्ये सनातन धर्म महासभेने उघडलं. मळ्यातली अवजारं, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, जुने फोटो अशा घरगुती वस्तूंचा हा संग्रह आहे. मोठ्या इमारतीची अपेक्षा ठेवू नका, वस्तूंकडे पाहा. जवळच समुद्रातलं देऊळ आहे. सेवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. जमिनीवर नको तर समुद्रात, असं म्हणून त्याने सायकलवरून दगड-माती नेऊन पाण्यात भर घातली, वर्षानुवर्षं. आजची वास्तू १९९५ मधली, पण जागा त्याचीच. तिथून थोड्या अंतरावर ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे. तिन्ही मिळून अडीच तास.

पोर्ट ऑफ स्पेनपासून अंतर तीसेक किलोमीटर. महामार्ग चांगला आहे, पण वाहतूक तुंबते. जायला एक तास, यायला दीड धरा. बोट किमान नऊ तास थांबणार असेल तरच निघा. वाटेत पकडलेल्या टॅक्सीने जाऊ नका, परतीला तिथे गाडी मिळत नाही. चौघांनी मिळून संपूर्ण फेरीसाठी गाडी ठरवा, थांबण्याचे तास बोलून घ्या, पैसे परत आल्यावर द्या. अधिकृत भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते. संग्रहालयाला महिनाभर आधी पत्र पाठवून तुमची तारीख आणि वेळ पक्की करा. ३० मे हा तिथे सुट्टीचा दिवस असतो, कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी रस्ते बंद असतात. भूक लागली तर ‘डबल्स’ खा: दोन मऊ वड्यांमध्ये छोले.

सर्वांत महत्त्वाचं पुढे आहे. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या देशांत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. विनवण्यांचा उपयोग होत नाही. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. लस मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते, पण ठरलेल्या दिवशीच, आणि पासपोर्ट सोबत लागतो. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पनामा आणि कोलंबियाची बंदरं असलेल्या सफरींनाही हाच नियम लागतो.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला गुलामीच्या संग्रहालयात न्यावं का? — वाचक, मडगाव

उत्तर : न्यावं, पण आदल्या रात्री तिला सांगून. बेड्या अचानक समोर आल्या की मूल घाबरतं, आधी माहीत असलं की प्रश्न विचारतं. साखरेपासून सुरुवात करा: चहातली साखर उसाची, ऊस तोडायला माणसं लागत, ती आफ्रिकेतून पळवून आणली. आत चाळीस मिनिटांहून जास्त थांबू नका. आणि हे फक्त तिकडे घडलं असं सांगू नका. पोर्तुगीज काळात मोझांबिकहून गुलाम गोव्यातही आणले जात. ती विचारेल तेव्हा त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

प्रश्न : सोबत काय घ्यावं? कपड्यांचे काही नियम? — वाचक, डिचोली

उत्तर : बोटीचं कार्ड आणि सरकारी फोटो ओळखपत्र, दोन्ही. फाटकावर दोन्ही मागतात. मूळ पासपोर्ट लागतो का ते प्रत्येक बंदरासाठी आदल्या रात्री विचारा. लागत नसेल तर छायाप्रत पुरते. अमेरिकन डॉलरच्या १ आणि ५ च्या नोटा भरपूर ठेवा, मोठी नोट दिली की सुटे स्थानिक चलनात मिळतात. अँटिगात एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. केमनमध्ये उलटं, तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे, म्हणून पाटीवरची किंमत फसवी वाटते. फोन विमान मोडवर ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. समुद्रावरचं रोमिंग पॅकमध्ये मोडत नाही.

लष्करी ठिपक्यांचा कपडा कुठलाच नको, मुलांची टोपी किंवा पाठपिशवीसुद्धा. बार्बाडोस, त्रिनिदाद, अँटिगा, जमैका इथे नागरिकांना तो कायद्याने बंद आहे. पोहण्याच्या कपड्यांत संग्रहालयात शिरू नये हे सांगायला नकोच.

प्रश्न : अमेरिकेचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालेल का? — वाचक, पेडणे

उत्तर : मायामीहून सुटून मायामीलाच परतणाऱ्या सफरीला नाही. परत येणं हा दुसरा प्रवेश असतो. सान हुआन आणि सेंट थॉमस ही बंदरंही अमेरिकेच्याच हद्दीत येतात. बाकी प्रत्येक बेटाचा भारतीय पासपोर्टसाठीचा नियम वेगळा आहे. क्रूझ कंपनीकडून बंदरांच्या नावांसह लेखी उत्तर घ्या, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका. कागद अपुरा असेल तर मायामीतच चढू देत नाहीत.

प्रश्न : मुरगावला क्रूझने येणारे आमचे स्नेही सहा तास गोव्यात असतील. त्यांना एकच संग्रहालय दाखवायचं आहे. — वाचक, कुडचडे

उत्तर : जुनं गोवं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातलं पुरातत्त्व संग्रहालय १९६४ पासून आहे. खाली कदंबकाळातले वीरगळ आणि सतीशिळा, वरच्या दालनात व्हाइसरॉयांची तैलचित्रं. वीरगळांत नौकायुद्ध कोरलेला दगड शोधून दाखवा. समुद्रावरून आलेल्या पाहुण्यांना तो आधी दाखवला की पुढचं सगळं नीट लागतं. कामोंइश कवीचा मोठा ब्राँझ पुतळाही तिथेच आहे. दीड तास पुरतो, समोर बॉम जेझूस आहेच.

बंदरापासून जुवारी पुलावरून तास-सव्वा तास. म्हणजे जाऊन-येऊन अडीच, पाहायला दोन, उरलेला दीड तास राखीव. मधे जेवणाचा घाट घालू नका, परत वास्कोत आल्यावर जेवा. आणि वार पाहा: हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. शुक्रवार असेल तर बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बंदरापासून जवळ आहे. त्याची सुट्टी सोमवारी.